ऑफिस लिनक्सवर, कागदपत्रं शेतकऱ्यांची: प्रायव्हसीवालं क्लाउड स्टोरेज कसं जमवायचं?

पिंपळगाव_पॅकहाउस

नमस्कार मंडळी.

द्राक्ष निर्यातीचं पॅकहाउस पिंपळगाव बसवंतला आणि कागदपत्रांचं ऑफिस नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ. दोन्हीकडे मिळून सात मशीन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा सहा मशीनवर उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. टॅली आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनसाठी एक विंडोज ११ ठेवलंय.

डेटा साधारण १८० जीबी. फाइल १ लाख ४० हजार, फोल्डर ११ हजारांच्या घरात, कारण प्रत्येक बागेचं आणि प्रत्येक हंगामाचं वेगळं फोल्डर. आत शेतकऱ्यांचे सातबारा, आधारच्या प्रती, पासबुकाचं पहिलं पान, फवारणीच्या नोंदवह्या, रेसिड्यूचे, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशांचे, लॅब रिपोर्ट, ग्रेपनेटच्या (निर्यातीच्या द्राक्षबागांच्या) नोंदणीचे कागद. बहुतेक फाइलींची नावं मराठीत.

अट एकच: फाइल मशीनमधून बाहेर पडण्याआधी कुलूपबंद झाली पाहिजे आणि किल्ली कंपनीकडे नको. अशी सेवा देणारे बरेच आहेत. पण विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांना अ‍ॅप आणि लिनक्सचं विचारलं की ‘ब्राउझर वापरा’. म्हणून विचारतो:

ब्राउझरवर भागेल का? विंडोजचा अ‍ॅप वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशीनच्या आत चालणारं दुसरं मशीन) चालवावा का? नाहीतर दुसरा कोणता रस्ता, जो जानेवारीत माल निघायला लागायच्या आत बसवता येईल? लाइन फायबरची, अपलोड ५० एमबीपीएस. पिंपळगावला वीज अधूनमधून जाते.

गंगापूररोड_रूट

दादा, आधी ब्राउझरचं बोलू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर आहे.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये कुलूप लागतं तुमच्या मशीनवर. त्यामुळे कुलूप लावणारा प्रोग्रॅम कुठून आला आणि काल होता तोच आज आहे का, याला सगळ्यात जास्त महत्त्व. इन्स्टॉल केलेला क्लायंट, म्हणजे कंपनीचा मशीनवरचा प्रोग्रॅम, एकदा उतरवून सही तपासली की पुढच्या अपडेटपर्यंत तोच राहतो. ब्राउझरमध्ये कुलूप लावणारी जावास्क्रिप्ट पान उघडाल तेव्हा सर्व्हरवरून नव्याने येते. ज्या सर्व्हरवर विसंबायचं नाही म्हणून एन्क्रिप्शन घेतलं, त्याच सर्व्हरच्या हातात रोज सकाळी कुलूप द्यायचं, असा हा प्रकार. कोणी सर्व्हरमध्ये शिरून एकाच ग्राहकाला वेगळी स्क्रिप्ट दिली तर ती दिसणारही नाही. म्हणून लिनक्सवाल्याला ‘ब्राउझर वापरा’ सांगणं म्हणजे गोपनीयतेचा जो शब्द बाकीच्यांना दिलाय, तो त्याला कमी प्रतीचा देणं. हा माझा मुख्य मुद्दा आहे आणि कंपन्यांना लिहिताना हाच पुढे करावा. अ‍ॅपच्या सोयीची तक्रार मागून.

रोजच्या कामातही ब्राउझर अपुरा पडतो. फोल्डर ओढून टाकला तर आतले रिकामे फोल्डर बऱ्याचदा जात नाहीत. दीड लाख फाइलींत टॅब मध्येच बंद पडला तर कुठवर आलो ते कळत नाही. आणि बदललेली फाइल आपोआप वर जात नाही. कोणीतरी आठवणीने चढवायची.

वाईन: नको. विंडोजचे आताचे बरेच क्लायंट ‘क्लाउड फिल्टर’ नावाच्या विंडोजच्या आतल्या थरावर उभे असतात. फाइल दिसते पण डिस्कवर नसते, उघडली की उतरते, ते याच थरामुळे. वाईनमध्ये हा थर कामापुरताही नाही.

व्हर्च्युअल मशीन: चालतं, पण शेअर्ड फोल्डर लावलात तर लिनक्सच्या बाजूने झालेला बदल आतल्या विंडोजला नेमाने कळत नाही. मग क्लायंट शांत बसतो आणि सिंक झालंय असं वाटत राहतं. न चालणाऱ्या क्लायंटपेक्षा हे वाईट.

आता ज्यांचा लिनक्स क्लायंट आहे ते. ट्रेसोरिटचा आहे. मेगाचा आहे, शिवाय मेगासीएमडी हे कमांड लाइनचं (आज्ञा टाइप करून चालवायचं) वेगळं साधन आहे. फाइलेन जर्मनीचं, त्याचाही आहे आणि कोड खुला आहे. इंटरनेक्स्टचा आहे. पीक्लाउडचा आहे, पण तिथे क्लायंटकडचं एन्क्रिप्शन वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं; साध्या खात्यात किल्ली त्यांच्याकडेच. प्रोटॉन ड्राइव्हचे विंडोज आणि मॅकचे अ‍ॅप २०२३ मध्ये आले, लिनक्सचा त्यांच्याबरोबर आला नाही.

क्लायंट आहे एवढ्यावर निवडू नका. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मेगाच्या एन्क्रिप्शनमधल्या त्रुटी दाखवल्या, मेगाने त्यावर दुरुस्त्या काढल्या. २०२४ मध्ये तिथूनच सिंक, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेसोरिट या पाचांची तपासणी झाली. त्यात ट्रेसोरिट तुलनेने बरं निघालं, बाकीच्यांत गंभीर गोष्टी सापडल्या. गृहीत असं होतं की सर्व्हरच हल्लेखोराच्या हातात आहे. तुमची अटही नेमकी तीच आहे ना?

आणखी एक. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करण्याच्या दृष्टीने पावलं उचलायला केंद्राला सांगितलं होतं. सेवा चांगली की वाईट हा प्रश्न इथे नाही. परदेशी सेवा एखाद्या सकाळी उघडली नाही तरी कंटेनरची कागदपत्रं हातात हवीत. पूर्ण प्रत ऑफिसातल्या डिस्कवर असलीच पाहिजे. फाइल गरजेपुरती उतरवणारी पद्धत तुमच्या कामाची नाही.

सातपूर_सर्व्हर

वरचं पटलं. पुढचा भाग मी लिहितो: कुलूप एकाचं, गोदाम दुसऱ्याचं. एन्क्रिप्शन स्वतः करायचं, आणि साठवायला अशी जागा घ्यायची जिला लिनक्स आहे की विंडोज याने फरक पडत नाही. म्हणजे एसएफटीपी किंवा एस-थ्री (फाइली पाठवायच्या सर्वसाधारण पद्धती) बोलणारी कोणतीही.

यासाठी आरक्लोन, म्हणजे फाइली क्लाउडवर नेणारं कमांड लाइनचं साधन, आणि त्यातला कुलूप लावणारा भाग ‘क्रिप्ट’. फाइल ६४ केबीच्या तुकड्यांत एक्ससाल्सा-२० आणि पॉली-१३०५ ने बंद होते, पासवर्डपासून किल्ली एसक्रिप्टने बनते, नावं एईएसने झाकली जातात (ही सगळी एन्क्रिप्शनच्या पद्धतींची नावं). फाइलीचा आकार आणि फोल्डरांची रचना मात्र साठवणाऱ्याला दिसते, हे माहीत असू द्या.

क्रमाने:

उबुंटूच्या भांडारातलं आरक्लोन घेऊ नका. २४.०४ मध्ये १.६० मिळतं. दोन्ही बाजूंनी सिंक करणारं ‘बायसिंक’ १.६६ मध्ये बरंच सुधारलं, आणि प्रोटॉन ड्राइव्हची जोडणी तर १.६४ पासून आहे. आरक्लोनच्या साइटवरचं डेब पॅकेज घ्या.

कॉन्फिगमध्ये आधी मूळ जागा जोडा. मी एसएफटीपी घेईन. हेट्झनर या जर्मन कंपनीचा स्टोरेज बॉक्स एसएफटीपी, वेबडॅव्ह (फाइली पाठवायची आणखी एक पद्धत) आणि बॉर्ग (बॅकअपचं साधन) तिन्ही बोलतो, सगळ्यात लहान १ टीबीचा. साधं वेबडॅव्ह टाळा, तिथे एक खड्डा आहे: नेक्स्टक्लाउड, ओनक्लाउडसारखे मोजके सोडले तर वेबडॅव्हवर फाइल बदलल्याची वेळ लिहिता येत नाही. क्रिप्टमुळे चेकसमही (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मिळत नाही. मग तुलनेला उरतो फक्त आकार. नोंदवहीतला एक आकडा बदलून आकार तितकाच राहिला तर तो बदल वर जाणारच नाही.

त्यावर क्रिप्टचा दुसरा रिमोट (आरक्लोनमध्ये जोडलेली जागा) चढवा: नावांचं एन्क्रिप्शन ‘स्टँडर्ड’, फोल्डरांच्या नावांनाही हो. दोन पासवर्ड विचारेल, दुसरा सॉल्टचा, म्हणजे किल्ली बनवताना मिसळायचा. दोन्ही आरक्लोनकडूनच बनवून घ्या आणि त्याच क्षणी कागदावर उतरवा. दुसरा पासवर्ड रिकामा सोडू नका.

कॉन्फिग फाइलमधले पासवर्ड वाचता येऊ नयेत इतपत झाकलेले असतात, एन्क्रिप्ट केलेले नसतात. ती फाइल ज्याच्या हाती लागली त्याला सगळं उघडता येतं. कॉन्फिगला स्वतःचा पासवर्ड लावा आणि डिस्क लक्सने (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) बंद ठेवा.

आता मराठी नावांचं. इथे बहुतेक जण आपटतात, म्हणून सविस्तर लिहितो.

ईएक्सटी४ वर, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क-रचनेवर, नावाची मर्यादा २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हं. क्रिप्टमध्ये बंद केलेलं नाव फुगतं, त्यामुळे मूळ नाव १४३ बाइटपेक्षा मोठं चालत नाही: ४७ चिन्हं. पीडीएफच्या शेपटाचे ४ बाइट वजा केले तर ४६. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘शेतकऱ्यांची’ डोळ्याला पाच अक्षरं दिसतात, पण काना, वेलांटी, हलंत, अनुस्वार सगळे वेगळे मोजून ११ चिन्हं होतात, ३३ बाइट. ‘शेतकऱ्यांची फवारणी नोंदवही दिंडोरी तालुका ऑक्टोबर छाटणी’ अशा नावाची फाइल क्रिप्टमधून जाणार नाही, आणि चूक एवढीच दिसेल की नाव फार लांब आहे.

आधीच शोधून काढा. ‘फाइंड’ (फाइली शोधायची आज्ञा) चालवताना लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, ‘सी’ ठेवा, म्हणजे मोजणी बाइटमध्ये होते, आणि १४४ किंवा जास्त बाइटचं नाव असलेलं सगळं छापून घ्या. फोल्डरांची नावंही. तालुका आणि हंगाम फोल्डरच्या नावात गेले तर फाइलीचं नाव आपोआप आखूड होतं.

दुसरा घोळ ‘ऱ’ चा. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा फुटका. पडद्यावर दोन्ही सारखेच. लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेल्या फाइलींत फुटका असतो. मग एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या तोडणीचा रिपोर्ट’ दोनदा दिसतो आणि कोणता खरा ते कळत नाही. कन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन घ्या, यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच, एनएफसी (एकसंध रूप) पर्याय लावून, सगळ्या उपफोल्डरांसकट चालवा. ‘नोटेस्ट’ दिलं नाही तर ते फक्त काय बदलेल ते दाखवतं. ती यादी वाचा, मगच खरं चालवा. हे पहिल्या अपलोडच्या आधी.

विंडोजच्या मशीनसाठी: नावात कोलन, प्रश्नचिन्ह किंवा उभी रेघ नको. लिनक्सला चालतं, विंडोजला नाही.

वेळेचा हिशोब: १८० जीबी ५० एमबीपीएसने नुसतं गणिताने ८ तास. पण दीड लाख बारीक फाइली युरोपातल्या सर्व्हरवर जाताना प्रत्येक फाइलीमागे काही फेऱ्या पडतात, तेव्हा एकावेळच्या फाइली ४ वरून १६ करा आणि शनिवार-रविवार धरा. दिवसा लाइन मोकळी राहावी म्हणून बँडविड्थचं वेळापत्रक देता येतं: सकाळी ९ पासून २ एम, रात्री ८ नंतर मोकळं. इथलं २ एम म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट, साधारण १६ एमबीपीएस. बिट समजून आकडा टाकला की लाइन आठपट भरते.

अपलोड झाल्यावर ‘क्रिप्टचेक’ चालवा. तो मूळ फाइली आणि वरच्या बंद फाइली पडताळतो. त्यासाठी वरच्या जागेने चेकसम द्यायला हवेत, म्हणून घेण्याआधी दहा फाइलींवर करून बघा.

पिंपळगाव_पॅकहाउस

सर, फार उपयोगी. लांब नावं शोधली: ३१२ फाइली आणि ९ फोल्डर १४३ च्या वर निघाले. ‘ऱ’ ची यादीही आली, ती बघतोय.

दोन शंका. सातही मशीनवर आरक्लोन माउंट करून (क्लाउड डिस्कसारखं जोडून) द्यावं, की प्रत्येकावर बायसिंक? आणि दोघांनी एकच लिबरऑफिसची शीट उघडली तर काय?

पंचवटी_पेंग्विन

दोन्ही नको. सातही मशीन क्लाउडशी थेट बोलली की भांडण ठरलेलं.

प्रत्येक ठिकाणी एक लहान, कायम चालू मशीन ठेवा, यूपीएसवर. त्यावर डेटा, बाकीच्यांना सांबाने (ऑफिसच्या नेटवर्कवर फोल्डर वाटणारं साधन) शेअर. क्लाउडशी फक्त ही दोन मशीन बोलतील. शीटला लागणारं कुलूप त्या ठिकाणापुरतं सांबा आणि लिबरऑफिस सांभाळतात: दुसऱ्याने उघडली की ‘फक्त वाचा’ असं विचारलं जातं.

हे कुलूप म्हणजे शीटच्या शेजारी बनणारी लपलेली फाइल. नाव ‘.~लॉक’ ने सुरू होतं आणि ‘#’ ने संपतं. ती सिंकमधून वगळलीच पाहिजे. नाहीतर नाशिकचं कुलूप पिंपळगावला पोचतं, नाशिकला शीट बंद होते, पण ती बातमी पुढच्या फेरीपर्यंत पोचत नाही, आणि तिकडे शीट अडकलेली दिसते. मग माणसं प्रत काढून काम सुरू करतात आणि दुसऱ्या दिवशी दोन याद्या.

दोन ठिकाणी एकाच वेळी एक शीट बदलली तर फाइल सिंकच्या कुठल्याही साधनाला ते एकत्र करता येत नाही, कंपनीच्या क्लायंटलाही नाही. कामाची वाटणी फोल्डरने करा: फवारणी आणि तोडणी पिंपळगावकडे, निर्यातीची कागदपत्रं नाशिककडे.

सिंकचा कोणताही प्रोग्रॅम सांबाने माउंट केलेल्या फोल्डरवर चालवू नका. फाइल बदलल्याची सूचना लिनक्समध्ये आयनोटिफाय देतो, आणि दुसऱ्या मशीनने शेअरवर केलेला बदल त्याला सहसा कळत नाही. जिथे डिस्क आहे तिथेच चालवा. पुढे कोणा कंपनीचा क्लायंट घेतलात तर हेही बघा: आयनोटिफाय एकेका फोल्डरवर वेगळा पहारा ठेवतो. कर्नेल (लिनक्सचा गाभा) ५.११ च्या आधी मूळ मर्यादा ८१९२ होती, तुमचे फोल्डर ११ हजार. उबुंटू २४.०४ ला मेमरी बघून मर्यादा वाढते म्हणून अडचण येऊ नये, पण एखाद्या जुन्या मिंटवर (लिनक्सचाच प्रकार) उरलेल्या ३ हजार फोल्डरांतले बदल वर जाणार नाहीत. मॅक्स-यूजर-वॉचेस ही मर्यादा ५,२४,२८८ करून टाका. एका पहाऱ्याला जेमतेम १ केबी लागतो.

बायसिंकचं, पायरीपायरीने:

पहिली फेरी ‘रीसिंक’ लावून, एकदाच. नंतर हा पर्याय टायमरमध्ये (ठरल्या वेळी फेरी चालवणारी सेटिंग) कधीच नको. रीसिंक दोन्ही बाजूंची बेरीज करतं, म्हणजे पुसलेल्या फाइली परत उगवतात. टायमरमध्ये तो राहून गेला तर रोज पुसायचं आणि रोज परत यायचं.

‘मॅक्स-डिलीट’, म्हणजे पुसण्याची कमाल मर्यादा, मुळात ५० टक्के असतं. ५ करा. तुमच्याकडे ५ टक्के म्हणजे ७ हजार फाइली, एका दिवसात कोणी मुद्दाम पुसत नाही.

‘चेक-अ‍ॅक्सेस’ लावा. दोन्हीकडे खुणेची एक फाइल ठेवायची. ती दिसली नाही तर बायसिंक थांबतं. डिस्क माउंटच झाली नाही आणि फोल्डर रिकामं दिसलं, तर ‘सगळं पुसलं गेलं’ असा अर्थ लावून वरचंही पुसलं जाऊ नये म्हणून ही खूण.

वीज जाण्यासाठी ‘रेझिलियंट’, ‘रिकव्हर’ आणि ‘मॅक्स-लॉक’ २ मिनिटं. हे तीन नसतील तर अर्धवट तुटलेल्या फेरीनंतर जुनं लॉक तसंच राहतं, पुढची प्रत्येक फेरी नकार देते, आणि लॉग बघितला नाही तर आठवडाभर काहीच वर गेलेलं नसतं. फेरी फसली की मेल येईल असं सिस्टमडीमध्ये (लिनक्समध्ये कामं चालवणारी व्यवस्था) लावा. टायमर १० मिनिटांचा पुरे. यूजरच्या नावाने चालवत असाल तर ‘लिंगर’ चालू करा, नाहीतर लॉगआउट झाल्यावर टायमरही बंद.

माउंट फक्त बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपला. तिथे व्हीएफएस कॅश (फाइलींची मशीनवरची तात्पुरती प्रत) ‘राइट्स’ किंवा ‘फुल’ ठेवा, त्याशिवाय लिबरऑफिसला सेव्ह करता येत नाही. फाइल बंद केल्यावर ५ सेकंदांनी अपलोड सुरू होतं. लॅपटॉप लगेच मिटला तर ती कॅशमध्ये पडून राहते आणि त्याच पर्यायांनी पुन्हा माउंट केलं की वर जाते. दुसऱ्याने टाकलेली नवी फाइल दिसायला ५ मिनिटं लागू शकतात. एसएफटीपी आपणहून कळवत नाही.

आणि हे सगळं सिंक झालं, बॅकअप नव्हे. चुकीने पुसलेली फाइल दहा मिनिटांत सगळीकडून पुसली जाते. नाशिकच्या मशीनवरून रोज रात्री रेस्टिक (बॅकअपचं साधन) चालवा, वेगळ्या खात्यात. तेही मशीनवरच एन्क्रिप्ट करतं. रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२ प्रती ठेवा. आठवड्यातून एकदा ‘चेक’ चालवताना ५ टक्के डेटा खरोखर वाचायला लावा. महिन्यातून एकदा एखाद्या बागेचं फोल्डर परत काढून उघडून बघा.

कागदावर काय असावं ते मोजून सांगते: क्रिप्टचे दोन पासवर्ड, रेस्टिकचा पासवर्ड, कॉन्फिगचा पासवर्ड, दोन्ही साठवणींचे लॉगिन. दोन प्रती, एक बँकेच्या लॉकरमध्ये. इथे ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही.

गंगापूररोड_रूट

पंचवटीताईंनी सांगितलेली रचनाच घ्या. तीन गोष्टी जोडतो.

मोबाइलवर फाइल बघायच्या असतील किंवा आरक्लोन हाताळणारं कोणी नसेल, तर क्रिप्टऐवजी क्रिप्टोमेटर. डेस्कटॉपवर फुकट, कोड खुला, अँड्रॉइड-आयफोनवरही आहे. २२० च्या वर गेलेली बंद नावं ते स्वतःच आखूड करून ठेवतं, म्हणून लांब मराठी नावांचा त्रास बराच कमी. पण ते फक्त कुलूप आहे, वाहतूक करत नाही. तिजोरीचा फोल्डर वर न्यायला आरक्लोन लागेलच. तिजोरी बनवताना मिळणारी रिकव्हरी किल्ली त्याच लॉकरमध्ये.

अ‍ॅपइमेज (एकाच फाइलीत येणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) घेतलंत आणि फ्यूज (फाइलींची जागा डिस्कसारखी जोडणारा लिनक्सचा थर) नाही म्हणून चालेना, तर २४.०४ वर ‘लिबफ्यूज२टी६४’ टाका. नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज टाकू नका. त्याने फ्यूज३ निघून जातं आणि त्याच्याबरोबर डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात. टर्मिनल काय काढणार ते दाखवतं, ती ओळ वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका.

प्रोटॉनचं खातं आधीच असेल तर आरक्लोनची जोडणी आहे, पण बीटा म्हणून दिलेली. प्रोटॉनने एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने सेवेशी कसं बोलायचं त्याचे, कागद प्रसिद्ध केलेले नव्हते, म्हणून ती त्यांच्या खुल्या क्लायंटचा कोड वाचून बनवली. त्यांनी सर्व्हरकडे काही बदललं तर ती तुटू शकते. हंगामाचं काम त्यावर टाकू नये.

सातपूर_सर्व्हर

राहिला प्रश्न, कंपन्या करत का नाहीत. कारणं खरी आहेत, पण ती एका विशिष्ट अ‍ॅपची कारणं आहेत.

विंडोजला क्लाउड फिल्टर आहे, मॅकला फाइल प्रोव्हायडर. ‘दिसते पण उतरलेली नाही’ अशा फाइलीसाठी लिनक्सच्या डेस्कटॉपवर सर्वमान्य थर नाही. फ्यूजने करता येतं, पण फाइल मॅनेजरला त्या फाइलीची अवस्था सांगायची एक पद्धत नाही. नॉटिलस या फाइल मॅनेजरची जुनी विस्तारकं ग्नोम डेस्कटॉपच्या ४३ व्या आवृत्तीला मोडली, कारण नॉटिलस जीटीके४ या नव्या पायावर गेलं. ग्नोममध्ये ट्रे आयकन मुळात नाही, उबुंटू तो वेगळ्या एक्स्टेंशनने देतं. पासवर्ड ठेवायला कुठे ग्नोम कीरिंग, कुठे केवॉलेट, कुठे काहीच नाही. त्यात पॅकेजच्या तऱ्हा वेगवेगळ्या: डेब, आरपीएम, फ्लॅटपॅक. चार माणसांच्या चमूला हे जड जातं, मान्य.

पण यातलं काहीही तुम्हाला नकोय. तुम्हाला हवाय पडद्याशिवाय चालणारा, कमांड लाइनवरचा क्लायंट, जो पूर्ण प्रत सिंक करेल. त्याला ट्रे नको, आयकन नको, फाइल मॅनेजर नको. एन्क्रिप्शनचा कोड कंपनीकडे तयारच असतो. म्हणून कंपनीला लिहाल तेव्हा ‘लिनक्स अ‍ॅप द्या’ एवढंच लिहू नका. त्यावर ‘यादीत नोंद केली आहे’ असं उत्तर येतं. हे मागा: पडद्याशिवाय लॉगिन करता येईल असा कमांड लाइन क्लायंट, कंपनीच्या सहीचं एपीटी भांडार, म्हणजे अपडेट तपासून येतील, एआरएम६४ चं बिल्ड, कारण लहान कायम चालू मशीन बऱ्याचदा रास्पबेरी पाय असतं, वगळायच्या फाइलींची यादी, पुसण्यावर मर्यादा, नावांचं एनएफसी रूप, आणि एपीआयचे कागद, म्हणजे आरक्लोनवाल्यांना अंदाजाने काम करावं लागणार नाही. पत्रात मशीन किती, जीबी किती, वर्षाला किती भरायची तयारी आहे, हे आकडे घाला.

कायद्याचा मुद्दाही घाला. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये आला. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आधारच्या प्रती सांभाळणारं लहान ऑफिसही या कायद्याच्या बाहेर नाही. आणि भारतात लिनक्स म्हणजे हौशी लोकांपुरतं असं कोणी म्हटलं तर केरळच्या शाळांतलं काइट या सरकारी संस्थेचं उबुंटूवर बेतलेलं ओएस, सी-डॅकचं बॉस आणि संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आणलेलं माया दाखवा. ही मशीनही कुठेतरी फाइली ठेवणारच आहेत.

पिंपळगाव_पॅकहाउस

ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. दोन्हीकडे एकेक मशीन, लक्स, यूपीएस, सांबा. त्यावर आरक्लोन क्रिप्ट एसएफटीपीवर, बायसिंक १० मिनिटांनी. रेस्टिक रात्री २ वाजता वेगळ्या खात्यात. आधी नावं दुरुस्त, मग कन्व्हएमव्ही, मग पहिलं अपलोड शुक्रवारी रात्री ८ पासून. सुरुवातीला फक्त दिंडोरीच्या ४० बागांचं फोल्डर, ६ जीबी.

मूळ ३१२ लांब नावं हाताने बदलायची की स्क्रिप्टने?

पंचवटी_पेंग्विन

स्क्रिप्टने, पण आधी जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन रकान्यांची यादी बनवा आणि ती पॅकहाउसमधल्या ज्या माणसाला बागा पाठ आहेत त्याला दाखवा. स्क्रिप्टने शेवट कापला की ‘पहिला नमुना’ आणि ‘दुसरा नमुना’ एकाच नावाचे होतात आणि दुसरा पहिल्यावर बसतो. ‘एमव्ही’ ला ‘एन’ पर्याय द्या, म्हणजे आधीच्या फाइलीवर लिहिणार नाही. ती यादी जपून ठेवा, जुन्या मेलमधल्या उल्लेखांशी नावं जुळवायला लागेल.

दिंडोरीचं फोल्डर गेल्यावर लगेच पिंपळगावच्या मशीनची केबल काढून बायसिंक मध्येच तोडून बघा. परत जोडल्यावर वीस मिनिटांत आपणहून सुरळीत झालं, तरच बाकीचे १७४ जीबी सोडा.